तिथीची पाऊणपट

बुधवारी संध्याकाळी आईने पुन्हा एकदा ब्रश चहात बुडवला. ओटीवर दोघी समोरासमोर बसल्या होत्या. मध्ये परातीत मोड आलेले वाल, आईच्या उजव्या हाताला रंगांची डबी, डाव्या हाताला पाण्याची वाटी आणि वाटीला खेटून चहाचा कप. चार वाल सोलायचे, दोन फटकारे मारायचे, असं तिचं चाललेलं.

“आता पी तो,” अनुया म्हणाली. “कोबाल्टचा चहा.”

“अल्ट्रामरीन आहे. कोबाल्ट महाग पडतो.” आईने कपात वाकून बघितलं. “निळा मात्र छान आलाय गं. हा मला काल तासभर जमत नव्हता.”

बत्तीस वर्षं गावच्या शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेली आई, कुमुद, एकोणसत्तराव्या वर्षी अलिबागला चित्रकलेच्या वर्गाला जाऊ लागली, तेव्हा वर्गात बाकीची सगळी दुसरी-तिसरीतली होती. तिथे तिला कोणी बाई म्हणत नसे, याचंच तिला अप्रूप. तीन वर्षं झाली, तरी तिच्या पोफळी एका उंचीच्या, इस्त्री केल्यासारख्या उभ्या राहत. जेवण झालं की दिवसाचं चित्र लोणच्याच्या बरणीला टेकवून ठेवायचं आणि बडीशेप चघळत त्याच्याकडे बघत बसायचं, हा तिचा रोजचा सोहळा. “गणितात उत्तर आलं की सुटलो,” ती म्हणायची. “इथे येतच नाही मेलं. बरं असतं.”

अनुया पुण्याहून आठ दिवसांसाठी आली होती. एका प्रकाशकाकडे ती मुद्रितं तपासायची, आणि सुट्टीतही गठ्ठा सोबत होता. बाबा रविवारीच पनवेलला तिच्या भावाकडे, देवदत्तकडे, गेले होते, मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी. घरात दोघीच. बिरडं झालं, भात झाला, जेवताना आईने वर्गातल्या एका सात वर्षांच्या मुलीने तिच्या आकाशाला ‘ढेकळं’ म्हटल्याची नक्कल केली, आणि अनुया पाणी पिता पिता ठसकली. एवढंच. नंतर अनुयाने ती संध्याकाळ पुष्कळ चाळली, पण तिच्यात दुसरं काही नव्हतं.

आईला समुद्राकडून गाव काढायचं होतं. किनाऱ्यापासून दोनशे पावलांवर काळं खडप होतं, खडकाचा सलग पट्टा. ओहोटीला चालत जाता येई. सकाळी तिथे बसलं की माडांच्या मागून ऊन येतं आणि सगळं गाव पातळ, पाण्यात कालवल्यासारखं दिसतं, असं तिचं म्हणणं. अनुयाला ते खडप लहानपणापासून नको वाटे. खडप आणि किनारा यांच्या मध्ये एक चर होता. ओहोटीला घोटाभर, भरतीला पुरुषभर. कालवं काढणारी रतन पहिल्या दिवशीच आईला सांगून गेली होती, “बाई, हितं पानी पुढनं न्हाय येत. मागनं भरतं. खडपावर बसल्यावर दिसत पन न्हाय.”

“आई, तू बीचवर बसून काढ ना.”

“बीचवरून बीच दिसतो. आणि मी काय अंदाजाने जाते? हिशोबाने जाते.”

हिशोब किनाऱ्यावरच्या प्रत्येक घरात होता तोच. तिथीची पाऊणपट म्हणजे पूर्ण भरतीची वेळ. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट, सहा वाजता. त्यातून सहा तास इकडे किंवा तिकडे, की ओहोटी. पाऊणपट आई डोळे मिटून करायची. तिथी मात्र तिला कधीच ठाऊक नसे. ती बाबांकडची. रोज पूजेच्या संकल्पात ते मोठ्याने तिथी म्हणत, आणि आई स्वयंपाकघरातून ती उचलत असे.

बाबा गेल्यापासून आई खडपावर गेली नव्हती. गुरुवारी सकाळी तिला जायचं होतं, आणि तिथी सांगायला बाबा घरात नव्हते.

साडेआठला आई पिशवी भरत होती. कागद, फळी, डबी, पाण्याची बाटली, दोन केळी. अनुया माजघरात टेबलाशी मुद्रितांवर वाकली होती आणि एका लांबलचक वाक्यात अडकली होती.

“अनू, तिथी काय गं आज?”

भिंतीवरचं कॅलेंडर तीन-चार पावलांवर होतं. अनुया उठली नाही. तिने मान वर केली, तेव्हा लाल वर्तुळ डोळ्यांत भरलं आणि त्या चौकटीतलं तिने वाचलं.

“पंचमी.”

“पाच पाऊण, पावणेचार. म्हणजे पावणेदहाला ओहोटी. चांगलं झालं. अकरापर्यंत येते मी. कुकर लावून ठेव.”

लाल वर्तुळ अनुयाने स्वतःच काढलं होतं, आल्या आल्या. शनिवारची, अलिबागहून परतीची एसटी.

पावणेबाराला तिने गठ्ठ्यातून डोकं वर काढलं. कुकर लावायचा राहिलाच, म्हणून ती उठली आणि कॅलेंडरच्या अंगावरून जाताना थांबली. का थांबली ते तिला सांगता येणार नाही. लाल वर्तुळ शनिवारला होतं. आज गुरुवार होता. गुरुवारच्या चौकटीत तृतीया होती.

तिने पाऊणपट केली. तीन पाऊण, सव्वादोन. सव्वादोनला भरती. ओहोटी सव्वाआठला होऊन गेलेली. म्हणजे आई घरातून निघाली तेव्हाच पाणी वळलेलं होतं. तिने पुन्हा केली. मग बोटं धरून केली, जणू एखादं बोट जास्त निघेल. घर इतकं शांत होतं, की वाडीतल्या पंपाचं थेंब थेंब गळणं ऐकू येत होतं. ‘अकरा,’ आई म्हणाली होती. अकरा वाजून गेले होते आणि फाटक वाजलं नव्हतं.

ती चपला न घालता धावली. सुरूच्या बनात पायांत काड्या शिरल्या. वाळू लागली तेव्हा तिला आधी बरं वाटलं, कारण समुद्र शांत होता. लाट नव्हती, आवाज नव्हता. काहीतरी झालेलं असताना समुद्र इतका सपाट कसा असेल? मग तिला दिसलं, की खडप किनाऱ्याला कुठेही लागलेलं नाही. चारी बाजूंनी पाणी होतं आणि मध्ये काळा, लहान, पाठीसारखा दगड. दगडावर कोणी नव्हतं.

“आई!” ती ओरडली. दुसऱ्यांदा ओरडायची तिला भीती वाटली. उत्तर आलं नाही तर ते खरं होईल, असं वाटून ती गुडघाभर पाण्यात तोंड मिटून उभी राहिली. पाणी कोमट होतं. मांडीपर्यंत आलं तेव्हा तिला कळलं, की ती पुढे गेलेली नाही. पाणीच वर आलंय.

पिशवी खडपाच्या अगदी वरच्या कंगोऱ्यावर सापडली, कोरडी. डबी बंद केलेली, ब्रश पुसलेले. म्हणजे आईने मागे वळून पाहिलं होतं, आवरायला तिला वेळ मिळाला होता, आणि मग ती चरात उतरली होती. हेच अनुयाला सगळ्यांत जास्त असह्य होई. आई संध्याकाळच्या ओहोटीला मिळाली.

काही दिवस गेले. पोलीस आले, पंचनामा झाला, देवदत्तने पळापळ केली. सगळे एकच विचारत होते, बाई पाण्याला चुकल्या कशा? रतन पायरीवर बसून रडली. “माज्यापरीस बरा हिशोब होता त्यांचा. मी बाजाराला गेली आन् हे झालं.” अनुया आत भांडी पुसत उभी होती. कोणीतरी विचारेल, तिथी कोणी सांगितली? दर वेळी फाटक वाजलं की ती पुसलेलं भांडं पुन्हा पुसायला घेई. कोणी विचारलं नाही. कोणाच्या मनातही आलं नाही.

बाराव्या दिवशी बाबांना आईच्या चित्रांच्या वहीचं शेवटचं पान दिसलं. एका डोळ्यावर अजून हिरवी पट्टी होती, म्हणून वही नाकाशी धरून त्यांनी वाचलं. तिथे ती रोजचा हिशोब मांडत असे, फळ्यावर मांडावा तसा. शेवटची ओळ: पंचमी, ५ × पाऊण = ३.४५.

“पंचमी?” बाबा म्हणाले. “त्या दिवशी तृतीया होती.”

आता, अनुयाला वाटलं. आता बोल.

“अनू, तिला तिथ्या कळेनाशा झाल्या होत्या का गं? चहात ब्रश बुडवायची. मी हसायचो. मला वाटायचं, नाद.” त्यांचा उघडा डोळा तिच्याकडे लागला होता. “तुला काही जाणवलं होतं?”

“थोडंसं,” अनुया म्हणाली.

तो शब्द तिच्या तोंडून इतका सहज निघाला, की जरा वेळ तिला तो दुसऱ्याच कोणाचा वाटला. आयुष्यभर इतरांच्या चुका पेन्सिलीने काढणारी ती. ही चूक तिने बघितली आणि तशीच छापायला जाऊ दिली.

त्या एका शब्दाला मग पाय फुटले. बाबांनी देवदत्तला सांगितलं, देवदत्तने त्याच्या ओळखीच्या डॉक्टरला. शेजारच्या बायका हळू आवाजात म्हणू लागल्या, विस्मरण होत होतं म्हणे, कळलंच नाही कोणाला. बाबा वहीची मागची पानं उलटून चुका शोधू लागले. एकही सापडत नसे, म्हणून जास्तच घाबरत. बायकोचं डोकं समोर विझत होतं आणि आपण पूजा करत बसलो, असं त्यांना वाटे. जेवताना मध्येच घास धरून ते म्हणायचे, “मी तिथे असून मला दिसलं नाही.” अनुया भात वाढायची. तिने पुण्याला रजा वाढवली. जायची भीती वाटत होती आणि राहायचीही.

महिना होत आला तेव्हा शाळेतून प्रणाली आली. आईची विद्यार्थिनी, आता तिथेच गणित शिकवणारी. ओटीवर बसून तिने चहा घेतला, बाबांच्या डोळ्याची चौकशी केली, आणि मग पदर सारखा करत म्हणाली, “आप्पा, आम्ही माजी विद्यार्थ्यांनी ठरवलंय. दहावीला गणितात पहिला येईल त्याला बाईंच्या नावाने बक्षीस. बाईंचं नाव म्हणजे गणितच, आप्पा. अजूनही मुलांना मी बाईंसारखंच ओरडते. ‘पायऱ्या दाखवा, उत्तर मला माहितीये.’”

बाबा हसले नाहीत. आत स्वयंपाकघराच्या दारात अनुया उभी होती.

“नको, पोरी,” बाबा म्हणाले.

“का हो?”

“चित्रकलेचं ठेवा हवं तर. गणिताचं नको. लोक हसतील.” ते खाली फरशीकडे बघत बोलत होते. “शेवटी शेवटी तिला साधी पाऊणपट जमेना. मी कोणाला बोललो नाही. तिच्या मुलीने ओळखलं होतं. मला नाही ओळखता आलं.”

प्रणालीने कप खाली ठेवला. “बाईंना?” ती इतक्या हळू म्हणाली, की तो प्रश्न आहे का, तेही कळेना. तिच्या चेहऱ्यावर अनुयाला ते घडताना दिसलं. बत्तीस वर्षं गणित शिकवणारी बाई तिच्या डोळ्यांत लहान, गोंधळलेली, कीव करण्याजोगी म्हातारी होत चालली होती. आणखी एक क्षण, आणि आई या जगातून दुसऱ्यांदा जाणार होती. या वेळी पाण्याचाही दोष नव्हता.

अनुयाला पाण्यात उभं असल्यासारखं झालं. तोंड मिटलेलं, पाणी चढत असलेलं. बाबा आपल्याकडे पुन्हा कधी तसं बघणार नाहीत, हे तिला ठाऊक होतं. देवदत्त काय म्हणेल तेही. तिने उंबऱ्याबाहेर पाय टाकला. दाराची चौकट धरली.

“बाबा,” ती म्हणाली. “आईचा हिशोब बरोबर होता. तिला काही विसर पडत नव्हता. मी खोटं बोलले तुमच्याशी. तिने त्या दिवशी मला तिथी विचारली. मी जागची उठले नाही. बसल्या जागेवरून बघितलं आणि पंचमी सांगितली. आईला मी पंचमी सांगितली.”