चोरपकड नाव

बाईंचं पोट नावांवर चालत होतं. एका छोट्या प्रकाशनात, कागदाच्या गठ्ठ्यांमागे त्यांचं टेबल होतं आणि तिथे बसून त्या बाळांच्या नावांची पुस्तकं तयार करत. आधी नाव, मग अर्थ, मग मूळ, आणि शेवटी ते किती घरांत ठेवलं जातं त्याचा अंदाज. आईबाप फोन करून विचारत, अमुक नाव ठेवलं तर मुलगा तापट निघेल का हो? बाई म्हणत, "मुलगा तुमच्यावर जाईल, नावाचं काय घेऊन बसलात," आणि फोन ठेवून हसत. नावामुळे कोणाचं बरंवाईट होतं यावर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. निदान ऑफिसात तरी नव्हता.

पण आज त्या ऑफिसात नव्हत्या. प्रसूतीच्या वॉर्डात लेकीच्या खाटेशी बसल्या होत्या आणि त्यांचा जीव टांगणीला लागला होता. लेकीला सातव्या महिन्यातच मुलगा झाला होता. व्हरांड्याच्या टोकाच्या खोलीत, काचेच्या पेटीत, तारांच्या जंजाळात तो निजला होता. छाती एवढीशी, आणि ती हलते की नाही हे कळायला बाईंना चष्मा पुसून पुसून बघावं लागे. डॉक्टरांना काही विचारलं की ते म्हणत, "बघू." इतक्या शिकलेल्या माणसाने एवढं आखूड उत्तर द्यावं याचा बाईंना राग येई, आणि त्या रागाखाली नुसती भीती असे.

सकाळी लेक उशीला टेकून बसली. बाळंतपणानंतर पहिल्यांदाच तिचा चेहरा जरा उजळलेला दिसला.

"आई, नाव मिळालं. तुझी पुस्तकं चाळावी नाही लागली, फोनवरच सापडलं," तिने फोन पुढे केला. "वाच."

बाईंनी वाचलं. तीन अक्षरांचं नाव होतं. खाली लिहिलं होतं, अर्थ: सोबत राहणारा. मूळ: प्राचीन. लोकप्रियता: अत्यंत दुर्मीळ.

बाईंनी ते पुन्हा एकदा वाचलं.

नावांच्या पुस्तकांचा धंदा म्हणजे उघड्या दाराचं दुकान. तुम्ही वर्षभर खपून नावं जमवायची आणि दुसऱ्या प्रकाशकाने ती आयती उचलून छापायची. विचारायला जावं तर चोराच्या उलट्या बोंबा, की नावं काय तुमच्या मालकीची आहेत? म्हणून बाईंचे मालक प्रत्येक पुस्तकात एक खोटं नाव घालायला लावत. जगात कुठेच नसलेलं, मनाने रचलेलं. ते दुसऱ्याच्या पुस्तकात दिसलं की चोरी पकडली. ऑफिसात त्याला सगळे चोरपकड म्हणत. मालकांची अट एकच असे. "बाई, असं घाला की कोणी आपल्या पोराला ठेवायचं नाही."

बाईंनी पहिल्याच पुस्तकात घातलेलं चोरपकड ते हेच. प्राचीन वगैरे सगळी थाप होती. पहिल्या खेपेला दिवस गेले तेव्हा, पोटावर हात ठेवून, त्यांनी ते नाव स्वतः जुळवलं होतं. लेकीला हे ठाऊक नव्हतं, कारण आपल्या आधी घरात एक मुलगा जन्मला होता हेच तिला ठाऊक नव्हतं. तोही वेळेआधीच आला आणि दुसऱ्या दिवशी गेला. कागदावर नाव काय लिहायचं असं विचारलं तेव्हा लेकीचे वडील म्हणाले, "काही नको." आता ते हयात नाहीत, पण त्यांनी टाकलेला तो पडदा घरात तसाच राहिला. नाव तेवढं उरलं, कोणाच्याच उपयोगाचं नसलेलं. मालकांनी चोरपकड मागितलं तेव्हा बाईंनी ते काढून दिलं. बाईंनी ते कधी ओठांवर आणलं नव्हतं, तर आपण तरी इथे कशाला आणावं.

मग चोरांनी आपलं काम केलं. या पुस्तकातून त्या पुस्तकात, तिथून फोनमध्ये, असं फिरत फिरत ते नाव आज बाईंच्याच लेकीच्या हातात येऊन बसलं होतं.

"काय गं, आवडलं नाही?"

"बरं आहे. पण दुसरं बघू ना. आपल्याकडे काय नावांचा दुष्काळ आहे?"

"मला हेच हवंय. सोबत राहणारा. त्याच्याकडून मला दुसरं काही नकोच आहे," लेक म्हणाली. "सिस्टरना कार्ड लिहून दिलंसुद्धा. पेटीवर लावलंय त्यांनी."

मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात, आणि बाईंच्या मनाने त्या एका क्षणात काय काय चिंतलं ते सांगण्यासारखं नाही. ज्याच्यासाठी हे नाव केलं तो राहिला नाही. आता ते ह्याच्या उशाशी लागलंय. फोनवर आईबापांना हसणारी ती बाई हीच का, असं कोणी विचारलं असतं तर त्यांनी मान खाली घातली असती. पण भीतीला लाज नसते.

"ते चुकीचं छापलंय," त्या म्हणाल्या.

"काय चुकीचं?"

"अर्थ. फोनवर कोणीही काहीही लिहितं. खरा अर्थ वेगळाच आहे."

"काय आहे मग?"

इथे बाईंनी काहीही सांगितलं असतं तरी भागलं असतं. दगड, काटा, भोपळा. लेकीने नाक मुरडून नाव टाकून दिलं असतं. पण उचलली जीभ लावली टाळ्याला, आणि जिभेवर आलं ते इतकी वर्षं मनात मुरलेलं.

"पाहुणा," बाई म्हणाल्या.

लेकीने वाद घातला नाही. नावाच्या बाबतीत आईचा शब्द म्हणजे शेवटचा शब्द, हे ती पाळण्यात असल्यापासून ऐकत आली होती. तिचा चेहरा हळूहळू पांढरा पडत गेला.

"कार्ड काढून आण," ती म्हणाली. "आई, आत्ता जा."

बाई जवळजवळ पळतच गेल्या. दाराशी पोचतात तोच आतलं यंत्र ओरडायला लागलं. दोन सिस्टर पेटीकडे धावल्या, तिसरीने बाईंना हातानेच बाहेर थोपवलं आणि दार लावून घेतलं. काचेतून फक्त पांढऱ्या पाठी दिसत होत्या. बाईंना वाटलं, मी आत्ता तोंडाने पाहुणा म्हटलं आणि तो निघाला. त्यांनी दाराबाहेरच्या बाकाची कड इतकी घट्ट धरली की बोटं सुटेनात.

कितीतरी वेळाने डॉक्टर बाहेर आले. "श्वास घ्यायचा विसरला होता. लवकर आलेल्या बाळांचं होतं असं. नाकाला हवेची नळी लावली आहे."

"आता बरा आहे?"

"बघू," डॉक्टर म्हणाले.

कार्डाचं कोणाला भान होतं. बाई तशाच परत आल्या, तर लेकीला बातमी आधीच कळली होती. जावयांनी समोर ठेवलेला चहा थंड होऊन गेला होता आणि जावई बिचारे औषधाची चिठ्ठी घेऊन खाली गेले होते.

"मी माझ्या हातानं लिहिलं त्याच्यावर," लेक भिंतीकडे बघत म्हणाली. "पाहुणा म्हणून."

संध्याकाळच्या पाळीची सिस्टर चाकांची खुर्ची ढकलत आली. ठसठशीत, मोठ्या आवाजाची होती. "चला, चिरंजीवांना आईचा आवाज ऐकवायचाय. नावानं हाक मारायची, जरा बोलायचं. औषधाइतकंच लागतं ते त्यांना."

"मी नाही येणार."

"दुखतंय का?"

"मी जवळ गेले की काहीतरी होईल त्याला. मला नाही बघायचं," आणि तिने तोंडावर चादर ओढून घेतली.

सिस्टरने बाईंकडे पाहिलं. "आजी, तुम्ही समजवा. उद्यावर टाकायची गोष्ट नाही ही." खुर्ची तिथेच ठेवून ती गेली.

बाईंना कळून चुकलं, की नावाने काय केलं असेल नसेल, आपल्या थापेने मात्र आई आणि लेकरू यांच्यात भिंत घातली. ती पाडायला अजून एक थाप पुरली नसती. आणि खरं सांगितलं तर लेक काय म्हणेल याची भीती होती.

"पाहुणा खोटं आहे," त्या म्हणाल्या. "मी बनवून सांगितलं."

चादर हलली. "मग फोनवरचं खरं?"

"तेही मीच बनवलेलं. ते नावच मी केलंय, बाळा. तुझ्या आधी एक मुलगा झाला होता मला."

मग खाटेच्या लोखंडी दांडीकडे बघत त्यांनी सगळं सांगितलं. पोटावरचा हात, दुसरा दिवस, काही नको म्हणणारे वडील, चोरपकड. सांगून झाल्यावर त्यांना वाटलं, आता ही म्हणेल, इतकी वर्षं लपवलंस, चालती हो इथून. म्हणाली असती तर त्या उठून गेल्या असत्या.

लेकीने चादर बाजूला केली. तिचे डोळे सुजले होते.

"तू दादाला हाक मारली होतीस?"

दादा. हा शब्द त्या मुलासाठी कोणी वापरेल असं बाईंच्या स्वप्नातही नव्हतं.

"नाही. एकदाच दाखवला मला, लांबून. म्हटलं, घरी नेऊ तेव्हा मारू हाक."

"एकदाही नाही?"

"नाही."

"मग नावानं काय केलं त्याचं, आई? त्याला तर ते मिळालंच नाही."

बाईंनी पदराने तोंड दाबलं.

"आत एकालाच सोडतात," लेक म्हणाली. तिचा हात आईच्या मनगटावर होता. "आधी तू जा. हाक मार त्याला. मग मी येते."

"मला भीती वाटते गं."

"मलाही वाटते. जा."

सिस्टरने बाईंचे हात कोपरापर्यंत धुवून घेतले आणि अंगावर हिरवा झगा चढवला. पेटीवर कार्ड तसंच होतं, लेकीच्या तिरक्या अक्षरातलं. बाईंनी ते पाहिलं न पाहिल्यासारखं केलं. पेटीला गोल झडप होती, तिच्यातून त्यांनी हात आत घातला आणि एक बोट बाळाच्या तळव्याला लावलं. तळवा त्यांच्या नखाहून थोडाच मोठा होता. छाती भराभर वरखाली होत होती.

बाईंनी डोळे मिटले, झडपेशी तोंड नेलं आणि आयुष्यात पहिल्यांदा ते मोठ्याने उच्चारलं.

डोळे उघडले तर छाती थांबली होती.

हात मागे घ्यावा, कार्ड फाडावं, पळावं, बाईंना काहीच होईना. यंत्र ओरडलं. सिस्टर शांतपणे पलीकडून आली, तिने दुसऱ्या झडपेतून हात घालून बाळाच्या तळपायावर टिचकी मारली. एक टिचकी, दुसरी. छाती दचकली आणि पुन्हा हलायला लागली.

"असाच करतो हा लबाड," सिस्टर तारा सारख्या करत म्हणाली. "तुम्ही नका थांबू, आजी. बोलत राहा."

बाईंनी पेटीची कड धरली, झडपेशी वाकल्या आणि पुन्हा हाक मारली.