शेजारच्या बाई

नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात कुणीतरी विचारलं, "तुझी आई काय करते?" मी म्हणालो, "कपड्यांच्या व्यवसायात आहे."

यात एक अक्षर खोटं नव्हतं. आईचं इस्त्रीचं दुकान आहे. लोकांचे कपडे गाठोड्याने येतात आणि घड्या होऊन परत जातात. पण ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे काचेची दारं आणि हाताखाली दहा माणसं आली असणार, हे मला कळत होतं. मी ती येऊ दिली.

आमची कंपनी गेम कन्सोलसाठी सॉफ्टवेअर बनवते. टीव्हीवर छोटा कॅमेरा बसवायचा आणि त्याच्यापुढे उभं राहून नुसते हातपाय हलवायचे. आमचं सॉफ्टवेअर समोरच्या माणसाचा वीस ठिपक्यांचा सांगाडा करतं आणि त्यावरून ओळखतं, की त्याने चेंडू फेकला, उडी मारली, की जांभई दिली. जांभई कुठली आणि चेंडू कुठला, हे ठरवायचं काम माझं. मी नियम घातला होता: मनगट कानाच्या वर गेलं तरच हात उचलला असं धरायचं. त्याच्या खालचं सगळं म्हणजे डोकं खाजवणं, केस सारखे करणं, थोडक्यात, कचरा. नियम झकास चालत होता. चालणारच, कारण तोवर कॅमेऱ्यापुढे उभे राहिलेले सगळे आमच्याच ऑफिसातले, पंचविशी-तिशीतले होते.

मग कन्सोल बनवणाऱ्यांनी अट घातली, की साठीच्या पुढच्या चाळीस माणसांवरही चाचणी झालेली हवी. हातात तीन आठवडे. मॅनेजर म्हणाले, "प्रत्येकाने घरचं, दारचं, कुणीतरी आणायचं. सबब चालणार नाही."

आईला सांगितलं तर ती हरखलीच. "मला खेळायला बोलावलंय? या वयात?" तिने दुकान एक दिवस बंद ठेवलं. ठेवणीतल्या कपड्यांना दोनदा इस्त्री केली आणि त्यांना सुरकुती पडू नये म्हणून बसमध्ये जागा असूनही अख्खा रस्ता उभी राहिली.

रिसेप्शनवरच्या बाईंनी फॉर्म पुढे ओढला. "या आपल्या कोण?"

मी तोंड उघडलं. तेवढ्यात मागून लांब्या आला. लांब्या म्हणजे आमचा डिझायनर. पहिल्या आठवड्यात आईबद्दल विचारणारा तोच. माझं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. आईने माझ्याकडे पाहिलं, लांब्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "मी यांच्या शेजारी राहते."

यांच्या! जन्मात मला कधी अहो-जाहो न केलेली बाई. कपड्यांच्या व्यवसायाची थाप मी फोनवर कुणाला तरी मारताना तिने कधीतरी ऐकलं असणार. रिसेप्शनच्या बाईंनी नात्याच्या रकान्यात 'शेजारच्या बाई' असं सावकाश लिहिलं. खाली मी सही केली. आईसोबत चाचणीच्या खोलीत गेलो नाही. "मीटिंग आहे," म्हणालो. मीटिंग नव्हती.

चाळीस जणांची चाचणी संपली त्या शुक्रवारी दुपारी केक कापला. लांब्याने लॅपटॉप मोठ्या पडद्याला जोडला. "निवडक क्षण!" त्याने जाहीर केलं. पहिल्यांदा एक आजोबा आले. ते कॅमेऱ्याला सलाम ठोकून 'जय्यत तयार' म्हणत होते. मग एक काका, चेंडू फेका म्हटल्यावर त्यांनी पायातली चप्पलच भिरकावली. मग आई आली.

फरशीवर चिकटपट्टीने केलेल्या खुणेवर ती पाय जुळवून उभी होती. चाचणी घेणाऱ्या मुलीचा आवाज आला, "मावशी, दोन्ही हात वर." डावा हात सरळ वर गेला. उजवा खांद्याइतका आला आणि थांबला. तीस वर्षं जड इस्त्री ढकललेला खांदा तो. त्याच्या वर हात जात नाही, हे मला लहानपणापासून ठाऊक आहे. वरच्या फळीवरचे कपडे मीच काढून द्यायचो. बाजूच्या चौकटीत सांगाडा ढिम्म उभा होता आणि त्याच्याखाली लाल अक्षरं: हात उचला. "थांब हं, उचलते," आई त्या यंत्राला म्हणाली. पुन्हा लाल अक्षरं. "माझंच काहीतरी चुकतंय." पुन्हा लाल अक्षरं. सातव्या खेपेला तिने टाचा उचलल्या, उजवा हात वर जावा म्हणून सगळं अंग डावीकडे झुकवलं, आणि तोल जाऊन धपकन कुशीवर पडली. पडताना दोन्ही हात हवेत उडाले. त्याबरोबर सांगाड्याने टुणकन उडी मारली आणि पडद्यावर रंगीत अक्षरं झळकली: शाब्बास!

सगळी खोली हसून फुटली. लांब्याने ते पुन्हा लावलं. मग तिसऱ्यांदा. कुणीतरी ओरडलं, "याला आजी मोड म्हणायचं!"

मीही हसलो. तोंडदेखलं हसलो असतो तर निदान तेवढं तरी सांगता आलं असतं. पण मी पोट धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो.

"तुझ्या शेजारच्या ना या?" लांब्याने विचारलं.

"हो. भारी आहेत."

चाचणी घेणारी मुलगी केकची बशी घेऊन भिंतीशी उभी होती. थोड्या वेळाने ती माझ्या टेबलाशी आली. "चाळिसांपैकी अकरा जणांचा हात कानापर्यंत जात नाही. तुमच्या नियमाने ते अकराही बाद होतात."

"बघतो."

"अजून एक. त्या बाई जाताना मला म्हणाल्या, मी पडल्याचं त्याला सांगू नकोस, उगाच जिवाला लावून घेईल. मी विचारलं, कुणाला? तर पिशवी उचलून निघाल्या." जाता जाता ती म्हणाली, "खांद्याला लागलंय त्यांच्या."

संध्याकाळी दुकानात गेलो. आई डाव्या हाताने इस्त्री फिरवत होती.

"हाताला काय झालं?"

"काही नाही रे, आखडलाय जरा. बरं, त्या यंत्राला माझं कळलं का शेवटी?"

"कळलं," मी म्हणालो.

पुढचे नऊ दिवस मी मान मोडून काम केलं. कानाचा नियम काढून टाकला. खेळ सुरू होण्याआधी माणसाला हात जमेल तेवढा उचलायला सांगायचं आणि ज्याचा जितका जातो तितका त्याचा पुरा धरायचा, असं केलं. कन्सोलवाल्यांना नेमकं हेच आवडलं. मॅनेजरनी सगळ्यांसमोर माझी पाठ थोपटली. "थोरामोठ्यांचा इतका विचार करणारा माणूस आपल्यात आहे!" टाळ्या पडल्या. मी त्या घेतल्या.

एका रविवारी सकाळी चाचणीचा संच घरी आणून लावला. आईने हात अर्धा उचलला आणि पडद्यावरचा चेंडू सणसणत गेला. "अगं बाई!" म्हणत ती दोन डाव खेळली, मग दमून खुर्चीत बसली. मी म्हणालो, "आई, तू पडलीस त्याचा व्हिडिओ ऑफिसात सगळ्यांना दाखवला. सगळे हसले. मीसुद्धा हसलो."

"हसण्यासारखंच असेल. धोंड्यासारखी पडले मी."

"तसं नाही, मी..."

"हसलास त्याचं काही नाही रे." ती पडद्याकडेच बघत होती. "मी शेजारी राहते म्हटलं ना, तेव्हा वाटलं होतं, तू म्हणशील, अहो, आई आहे ही माझी. त्या बाईंचं लिहून होईपर्यंत मी वाट बघितली."

एवढं बोलून ती चहा टाकायला उठली. आवाज चढला नाही की डोळे भरले नाहीत. मला मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सोमवारी सगळे जेवत असताना मी सांगून टाकलं. "ती पडलेली बाई माझी आई आहे. इस्त्रीचं दुकान आहे तिचं."

लांब्याचा घास हातातच राहिला. "अरे, मग आधी नाही का सांगायचंस? आम्ही हसलो असतो का?" त्याने तिथल्या तिथे व्हिडिओ पुसून टाकला. माणूस वाईट नाही तो. त्याचं म्हणणंही खरंच होतं. ते एका परक्या बाईला हसले होते. आईला हसलो होतो तो मी एकटा. चाचणी घेणारी मुलगी मान खाली घालून जेवत राहिली.

गेम बाजारात आला तेव्हा कंपनीने सगळ्यांच्या घरच्यांना बोलावलं. मी आईला म्हणालो, "चल ना. आता सगळ्यांना माहीत आहे."

ती एका शर्टाची कॉलर सपाट करत होती. "बघू," म्हणाली.

आमच्या घरात 'बघू'चा अर्थ शेंबड्या पोरालाही कळतो. तरी त्या दिवशी मी ऑफिसच्या दाराशी तासभर उभा राहिलो. लांब्याने दोनदा येऊन विचारलं, "आल्या का आई?" दोन्ही वेळा मी म्हणालो, "येईल." मग आतून टाळ्या ऐकू आल्या, आणि मी एकटाच आत गेलो.