गुलाबी कागदातला ‘धोटा’

विद्युल्लता याळगींना फोन आला तेव्हा त्या बेळगावला, अनगोळच्या घरी मेथी निवडत बसल्या होत्या. नंबर ओळखीचा नव्हता. पलीकडचा मुलगा फार अदबीनं म्हणाला, "‘धोटा’ नावाचा कॉम्प्युटर गेम केलेल्या विद्युल्लता सबनीस त्या तुम्हीच का?"

सबनीस हे त्यांचं माहेरचं नाव. त्या नावानं गेल्या अठ्ठावीस वर्षांत कुणी हाक मारली नव्हती, आणि ‘धोटा’चं नाव तर त्याहून जुनं. बाईंनी मेथीची जुडी बाजूला ठेवली.

"मीच की. तुम्ही कोण?"

मुलाचं नाव श्रेयस. मूळचा बेळगावचाच, आता बेंगळूरला नोकरीला. जुने, दुर्मीळ व्हिडिओ गेम जमवायचा त्याला नाद होता. मागच्या महिन्यात त्यानं इंटरनेटवरच्या एका लिलावात ‘धोटा’ची एक प्रत घेतली होती. न उघडलेली. नव्वद हजार रुपयांना.

"किती म्हणालात?"

"नव्वद हजार, मॅडम. जगात एवढी एकच प्रत शिल्लक आहे म्हणतात. रविवारी मी घरी येतोय. प्रतीवर तुमची सही मिळाली तर..."

फोन ठेवल्यावर बाई एवढ्या हसल्या, की त्यांचे यजमान उपेंद्र कोर्टाचे कागद तसेच टाकून स्वयंपाकघरात आले. सगळं ऐकून घेऊन त्यांनी वकिली प्रश्न विचारला, "नव्वद हजारांतले तुला किती?"

"मला मिळाले ना, पन्नास रुपये. पंच्याण्णव साली."

त्या वर्षी विद्युल्लताबाई टिळकवाडीतल्या एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवत होत्या. जिना चढून गेलं की एक खोली, त्यात सात मशिनं, आणि बाहेर चपलांचा ढीग. संध्याकाळच्या तुकडीत मष्णू काकतकर नावाचा एक मुलगा वडगावहून सायकलनं यायचा. घरचे यंत्रमाग चालवून यायचा, त्यामुळं केसांत कापसाची तूस असायची. एकदा बाईंनी सहज विचारलं, माग चालतो तरी कसा? त्यानं वहीच्या मागच्या पानावर चित्र काढून दाखवलं. धोटा इकडून तिकडं धावतो, त्याच्यामागून आडवा धागा जातो. मधे उभा धागा तुटला, तर तो सांधावा लागतो. नाही सांधला, तर कापडात तिथं खोट राहते.

बाईंना तो सगळा प्रकार खेळासारखाच वाटला. दोन महिने क्लास सुटल्यावर बसून त्यांनी प्रोग्राम लिहिला. पडद्यावर धोटा धावायचा, धागे तुटायचे, आणि खेळणाऱ्यानं बाणांच्या बटणांवरून तिथं पोहोचून, धोटा परत यायच्या आत गाठ मारायची. प्रत्येक पातळीला वेग वाढायचा. चाळीस फ्लॉपी भरल्या, रंगीत कागदावर झेरॉक्स काढून त्याचं वेष्टण केलं, प्लास्टिकच्या पाकिटात घालून पिन मारली. पंचवीस विकल्या गेल्या, एक भेट दिली. उरलेल्या चौदा वर्षभर कपाटात पडून राहिल्या. मग फ्लॉपी महाग म्हणून पुसून क्लासच्या कामाला वापरल्या. पुढं बाई पॉलिटेक्निकला लागल्या, लग्न झालं, क्लास बंद पडला. स्वतःची म्हणून एकही प्रत त्यांच्याजवळ उरली नाही. कधी उणीवही वाटली नव्हती.

रविवारी श्रेयस आला. तिशीतला, चष्म्याचा, हातात छोटी बॅग. त्यानं बॅगेतून एक जाड पारदर्शक डबी काढून टेबलावर ठेवली, आणि आत ते पाकीट दिसलं. गुलाबी कागद, त्यावर बाईंच्या हातानं काढलेला वेडावाकडा धोटा. पिनेला गंज चढला होता. बाईंचा हात आपोआप डबीच्या झाकणाकडं गेला.

"मॅडम, उघडू नका प्लीज," श्रेयस घाईघाईनं म्हणाला. "पाकीट फोडलं की किंमत निम्म्यावर येते."

बाईंनी हात मागं घेतला. गुलाबी कागदाकडं पुन्हा पाहिलं, आणि त्यांचा चेहरा पडला. "अहो, पण ही तर गुलाबी आहे."

"म्हणजे?"

"पहिल्या दहा गुलाबी कागदात होत्या. त्यांच्यात चूक आहे. सातव्या पातळीवर धोटा उजव्या टोकाला जाऊन तिथंच अडकून बसतो. मष्णूनं येऊन सांगितलं, तेव्हा मी दुरुस्त केलं. पुढच्या सगळ्या हिरव्या कागदात. तुम्हाला खराब माल मिळालाय हो!" तीस वर्षांपूर्वीची चूक आत्ताच कुणी पकडल्यासारखं त्यांना झालं. "मला आधी विचारलं असतं तर..."

पण श्रेयसचा चेहरा उजळत चालला होता. "म्हणजे ही पहिली आवृत्ती! चुकीसकट! मॅडम, हिची किंमत तर आणखी वाढली."

उपेंद्र वर्तमानपत्रामागून म्हणाले, "आमच्या धंद्यात चूक केली तर पक्षकार वकील बदलतात."

चहा आला. बाईंच्या मनातला प्रश्न मात्र निवळेना. शेवटी त्यांनी सरळच विचारलं. "राग मानू नका, श्रेयस. तुम्ही हा गेम खेळलेला नाही. खेळणारही नाही. उघडलात तरी सातव्या पातळीला अडकणार. मग नव्वद हजार कशाचे दिलेत?"

श्रेयसनं कप खाली ठेवला. हा प्रश्न त्याला घरचेही विचारत असणार, पण त्यानं तोंडपाठ उत्तर दिलं नाही. "लहानपणी मी जे गेम खेळलो, ते सगळे जपानचे, अमेरिकेचे. त्यांतले रस्ते, घरं, माणसं, सगळं तिकडचं. लिलावाच्या यादीत एका फोटोवर मराठीत ‘धोटा’ लिहिलेलं दिसलं, खाली बेळगाव. रात्रभर झोप आली नाही." त्यानं डबीवर बोट ठेवलं. "आणि दुसरं असं, की हे पाकीट हुबळीच्या एका भंगारवाल्याकडं सापडलं. असल्या वस्तूंना पैसे येतात हे त्याला ठाऊक होतं, म्हणून त्यानं बाजूला काढलं. नाहीतर ते कधीच मोडीत गेलं असतं. किंमत जास्त आहे, कबूल. पण किंमत आहे, म्हणून वस्तू आहे."

बाईंना हे पटलं. पूर्ण मात्र नाही. आपण केलेली वस्तू समोर आहे, आणि ती कशी दिसायची हे आपल्याला आठवत नाही, ही गोष्ट त्यांना टोचत होती. धोट्याचा रंग कोणता होता? गाठ मारल्यावर आवाज यायचा का? डबीत सगळी उत्तरं होती आणि डबी उघडायची नव्हती.

"मष्णूकडं असेल," त्या एकदम म्हणाल्या. "हिरवी. मीच त्याला फुकट दिली होती. तुमच्याजवळ फ्लॉपी चालवायचं यंत्र आहे का?"

ते श्रेयसच्या बॅगेत होतंच.

वडगावच्या गल्लीत शिरल्यावर मागांचा आवाज अंगावर आला. मष्णू काकतकर आता पन्नाशीला टेकला होता. घराच्या मागच्या शेडमध्ये सहा माग. बाईंना दारात बघून त्यानं हात पुसायला फडकं शोधलं, मग तसाच नमस्कार केला.

"मॅडम! तुम्ही कुठं आलासा इकडं? या की, या की. दिपाली, अगं मॅडम आल्यात, क्लासच्या!"

दिपाली त्याची बायको. तिनं दोन माग थांबवले आणि पाणी आणलं. ‘धोटा’चं नाव काढताच मष्णू आत गेला आणि तिजोरीवजा लोखंडी कपाटातून, जागेच्या कागदांच्या पिशवीतून, फ्लॉपी घेऊन आला. हिरव्या कागदासकट.

"ठेवलोय की. घरात कॉम्प्युटर कधी आलाच न्हाय. पण टाकवंना."

श्रेयसनं यंत्र लॅपटॉपला जोडलं. पहिल्यांदा फ्लॉपी घातली, तर नुसती खरखर. दुसऱ्यांदाही तेच. त्यानं फ्लॉपीची पत्र्याची पट्टी हळूच सरकवून आतली धूळ फुंकली, मऊ कापडानं पुसलं, आणि पुन्हा घातली. या वेळी पडद्यावर नाव उमटलं. मष्णूनं टाळीच वाजवली.

धोटा पिवळा होता. गाठ मारली की ‘टिक्’ असा बारीक आवाज यायचा. बाई लगेच खेळायला बसल्या. तिसऱ्या पातळीला त्यांचे सहा धागे एकदम तुटले. श्रेयस पाचवीपर्यंत पोहोचला. मष्णूची बोटं चौथीतच गोंधळली.

"सरका बघू," म्हणत दिपाली स्टुलावर बसली. तिनं उभ्या आयुष्यात गेम खेळला नव्हता. पहिल्या दोन पातळ्या चाचपडली. मग तिच्या हाताला लय सापडली, आणि सातवी, आठवी, नववी. धागा तुटायच्या आधीच ती तिथं पोहोचायला लागली.

"तुम्हाला आधी कसं कळतंय?" श्रेयसनं विचारलं.

"तुटायच्या आधी धागा फिका पडतोय की. दिसंना व्हय तुम्हाला?"

बाईंनी वाकून पाहिलं. खरंच होतं. तुटणारा धागा क्षणभर फिका व्हायचा. हे आपणच घातलं होतं, मष्णूच्या सांगण्यावरून, आणि पार विसरून गेलो होतो. दिपाली अकराव्या पातळीला हरली, तेव्हा शेडमध्ये सगळे एकदम बोलायला लागले.

श्रेयस पडद्याकडं बघत म्हणाला, "जे विकत घेतलं ते आज पहिल्यांदा पाहिलं." मग संग्राहकाचा स्वभाव उसळून आला. "मष्णू अण्णा, ही प्रत मला द्याल? उघडलेली आहे, तरी पंचवीस हजार देतो. गेम तुमच्यासाठी पेन ड्राइव्हवर काढून ठेवतो."

दिपालीनं नवऱ्याकडं पाहिलं. "पंचवीस हजारात वॉशिंग मशीन येतंय."

"येतंय की," मष्णू म्हणाला. "फ्लॉपी घ्या, अण्णा. कागद तेवढा ऱ्हाऊ द्या."

"कागदाशिवाय फ्लॉपीला काही किंमत नाही हो."

"मग दोन्ही ऱ्हाऊ द्या." मष्णूनं हिरव्या कागदाची घडी उलगडून मागची बाजू दाखवली. खाली बारीक अक्षरांत छापलं होतं: चूक दाखवली, मष्णू भरमा काकतकर, वडगाव. "छापील माझं नाव हितं एवढंच आहे. लग्नपत्रिका सोडली तर."

दिपालीनं कागद हातात घेऊन वाचला. इतक्या वर्षांत तिनं तो पाहिला नव्हता. "तेवढ्यासाठी जागेच्या कागदांत ठेवलायसा व्हय?" असं म्हणून ती हसली, आणि कागद नीट घडी घालून स्वतःच कपाटात ठेवून आली. वॉशिंग मशीनचा विषय तिनं पुन्हा काढला नाही. चहाबरोबर तिनं भडंग केलं, त्यात हिरव्या मिरच्या एवढ्या, की बेंगळूरच्या पाहुण्याच्या डोळ्यांना पाणी आलं.

परतताना श्रेयस म्हणाला, "मॅडम, नव्वद हजार जास्त झाले का?"

"मला काय ठाऊक? मी पन्नासला विकलेय." मग बाई जरा विचार करून म्हणाल्या, "तुम्ही ते दिले नसते, तर आज मी दिपालीला खेळताना बघितलं नसतं. मला तर फुकटात मिळालं."

अनगोळला पोहोचल्यावर त्यांनी पाकिटावर सही करायला नकार दिला. जुन्या कागदावर नवी शाई नको, म्हणाल्या. एका कोऱ्या कागदावर लिहून दिलं: ही प्रत पहिल्या दहांतली आहे. सातव्या पातळीवर अडकते. चूक माझी. विद्युल्लता सबनीस-याळगी. श्रेयसनं तो कागद कोरड्या हातांनी उचलून वेगळ्या पाकिटात घातला.

दोन आठवड्यांनी, बाईंच्या परवानगीनं, त्यानं वडगावला लॅपटॉपवर उतरवून घेतलेला हिरवा ‘धोटा’ इंटरनेटवर सगळ्यांना फुकट ठेवला. त्यामुळं डबीतल्या गुलाबी प्रतीची किंमत पडेल अशी बाईंना धास्ती होती. उलट झालं, एकानं त्याला सव्वा लाख देऊ केले. त्यानं विकली नाही. ते कळवायला त्यानं फोन केला, तेव्हा बाईंनी बोलणं फार लांबवलं नाही. समोर लॅपटॉप उघडा होता, दहावी पातळी चालू होती, आणि डावीकडचा एक धागा फिका पडायला लागला होता.