चार किलोमीटरचे अठ्ठेचाळीस सेकंद

मित्रांनो, मी एक जुना सिम्युलेटर आहे, मोटारशर्यतीचा. नाव जड, वस्तू साधी. फाटकी सीट, स्टिअरिंग, तीन पेडल आणि समोर पडदा. पडद्यावर गाड्या गोल ट्रॅकवर भरधाव सुटतात आणि चालवणारा जागच्या जागी घामाघूम होतो.

हैदराबादच्या एका मॉलमध्ये मी पाच वर्षं राबलो. नवं मशीन आलं तशी मला टेम्पोत घालून बीदर जिल्ह्यातल्या मन्नाएखेळ्ळीला धाडलं. इथं हायवेवर रेवणसिद्धप्पांचं टायरचं दुकान आहे. शेजारच्या गाळ्यात त्यांनी मला मांडलं. दसऱ्याला स्टिअरिंगला हळदकुंकू लागलं, हार पडला. त्या मानाला मी लायक नव्हतो.

माझ्यात दोन ट्रॅक होते. एक आठशे मीटरचा, घट्ट वळणांचा. दुसरा चार किलोमीटरचा, ऐसपैस. पोरांना लहान ट्रॅक मिळायचा. पोरींना रेवणसिद्धप्पा मोठा लावून द्यायचे. "रुंद हाय, धडकणार न्हाईत," म्हणायचे. त्यांना ती माया वाटायची. भिंतीवरच्या फळ्यावर मात्र सगळ्यांच्या एका फेरीचे नुसते सेकंद लिहायचे.

मग कलबुर्गीला अशाच मशीनवरची स्पर्धा ठरली. गावातून एकच नाव जाणार होतं. टेम्पो चालवणाऱ्या शिवशंकरचे सोळा सेकंद फळ्यावर होते. पवित्रा कॉलेज सुटलं की रोज यायची. तिची अव्वा, म्हणजे आई शरणम्मा, दारात उभी राहून सांगून गेली होती, "नाव लागलं तर जा. न्हाई लागलं तर आजपासून हा नाद बंद."

पवित्रानं त्या दिवशी जीव तोडून फेरी मारली. अठ्ठेचाळीस सेकंद! मोठ्या ट्रॅकवर एवढी चांगली फेरी माझ्या सीटवर कुणीच मारली नव्हती.

रेवणसिद्धप्पा हसले. "अक्का, सोळा कुठं, अठ्ठेचाळीस कुठं? तेवढ्यात शिवशंकर चहा पिऊन येतंय की!"

पोरं खिदळली.

"थांबा अण्णा," पवित्रा म्हणाली, "पडद्याच्या कोपऱ्यात बघा. ट्रॅक किती लांब हाय ते लिहिलंय."

खरंच लिहिलं होतं. तिचे चार किलोमीटर, ताशी तीनशेचा वेग. शिवशंकरच्या फेरीला तिथं एकशेऐंशीच आले होते. पण ते सगळं मुंगीएवढ्या अक्षरात, आणि सेकंद तळहाताएवढे. रेवणसिद्धप्पा हसत हसत वळेपर्यंत दहा सेकंद झाले आणि मी पडदा पुसून टाकला. बनावटच तशी, असं म्हणून मला सुटता येईल. पण पुसणारा मीच होतो. नुसता वेग बघूनही निकाल लागला नसता, घट्ट वळणांवर कुणालाही हळूच जावं लागतं. दोघांना एकाच ट्रॅकवर बसवायचं होतं. एवढं साधं काम कुणी केलं नाही. नाव शिवशंकरचं गेलं.

कलबुर्गीत सगळ्यांना चार किलोमीटरचा ट्रॅक होता. शिवशंकर शेवटचा आला. परत येऊन तो माझ्या सीटवर बसला आणि दुपारभर मोठा ट्रॅक फिरवला. त्रेपन्नच्या खाली येईना.

"अण्णा, पवित्रा ह्याच ट्रॅकवर अठ्ठेचाळीसला येत होती व्हय?"

"व्हय."

"मग मला कामून धाडलाव?"



दुसऱ्या दिवशी पवित्रा समोर बीदरच्या बसची वाट बघत होती. त्यांनी हाक मारली, "ये गं अक्का, बस एकदा. चुकलं माझं. पुढल्या वर्षी तुझंच नाव."

ती उंबऱ्यापर्यंत आली, आत आली नाही. "मला घरातून कोण सोडायलंय आता? अव्वाला येऊन सांगा, अण्णा. चारचौघांत हसलाव, तसं चारचौघांत सांगा."

बस आली. ती गेली. रेवणसिद्धप्पांनी फळ्यावर लांबीचा रकाना काढला. शरणम्माचं घर चार गल्ल्या पलीकडं आहे. दोन महिने झाले, तिथं ते अजून गेलेले नाहीत.

मित्रांनो, माझी धूळ पुसू नका, सीट शिवू नका, चालेल. पण कुणाला हळू म्हणण्याआधी त्याला किती लांबचा रस्ता दिला होता ते विचारा. आणि चुकलात तर फळा दुरुस्त करून गप्प बसू नका. त्या घरी जा. मला पाय नाहीत. तुम्हाला आहेत.