नाही म्हणणारी ओळ

करकर! पाळण्याची कडी वाजली, घरातली शांतता मोडली आणि कीबोर्डवरची संघप्रियाची बोटं थांबली. बाळ पुन्हा निजेपर्यंत मी अर्धीच होते. मित्रांनो, मी एक जुनी ओळ आहे, संघप्रियाने सी भाषेत लिहिलेल्या प्रोग्रामची.

वैनगंगेकाठच्या एका गावात भोंग्याचं यंत्र आहे, तेच माझं घर. वरच्या घाटावरून इतवारीभाऊ पाण्याच्या नोंदी पाठवतात. किती नोंदी येणार ते पाहून यंत्र आधी आपल्या मेमरीत जागा राखतं, एका नोंदीला सोळा घरं. पाणी चढलेलं दिसलं की भोंगा वाजतो आणि काठावरची वस्ती टेकडीवरच्या शाळेत जाते.

पण हे यंत्र पासष्ट हजार पाचशे पस्तीसपर्यंतच मोजतं. पुढे गाडीच्या मीटरसारखं पुन्हा शून्य. नोंदी गुणिले सोळा हा गुणाकार त्यापलीकडे गेला, तर भल्यामोठ्या मागणीला चिमूटभर जागा मिळते. नोंदी शेजारी घुसतात, आणि शेजारी भोंग्याचा कारभार असतो. म्हणून गुणाकाराआधीच मी सर्वात मोठ्या आकड्याला सोळाने भागते. चार हजार पंच्याण्णव येतात. त्याहून जास्त नोंदी कोणी मागितल्या, की मी म्हणते, नाही!

चार वर्षं तशी वेळच आली नाही. संघप्रियाचे वरिष्ठ प्रफुलभाऊ वैतागले.

"एकदा तरी कामी पडली का हे ओळ? काढून टाक. नुसती जागा खाऊन राह्यली."

"तुमचं हेल्मेट किती वेळा कामी पडलं, भाऊ?"

"मी घालतच नाई."

"तेच तर म्हणून राह्यली मी!"

मी राहिले. हटणार नव्हतेच.

मग गेल्या वर्षीचा पूर. इतवारीभाऊंना नोंदींची संख्या आणि पाणी मोजायच्या पट्टीचा क्रमांक, मध्ये जागा सोडून, पाठवायचा असतो. वहीत मात्र ते दोन्ही चिकटूनच लिहीत आलेले. चाळीस नोंदी, सत्त्याण्णव क्रमांकाची पट्टी. घाईत गेलं ४०९७! गुणाकार झाला असता तर सोळाच घरं मिळाली असती. एका नोंदीच्या जागेत चाळीस नोंदी शिरून भोंगा मुका झाला असता.

मी म्हटलं, नाही! पुन्हा पाठवा.

इतवारीभाऊंनी संघप्रियाला फोन लावला. "बाई, तुमची मशीन घेऊन नाई राह्यली! पाणी पायऱ्या चढून राह्यलं नं!"

"दोन आकड्यांमधी जागा सोडा, भाऊ. लवकर!"

त्यांनी सोडली. भोंगा वाजला. काठावरच्या वस्तीतल्या बायनाबाई बकरी काखेत मारून सर्वांत शेवटी शाळेत पोचल्या, पण पोचल्या.

मित्रांनो, मला हारतुरे नकोत. पण मी गप्प असते म्हणून मला बिनकामाची म्हणू नका. माणूस आकडा देतो तिथे चूक येणारच. तिच्या वाटेत माझ्यासारखी एक उभी ठेवा.

पाळण्यातली रंजीता आता पाच वर्षांची आहे. परवा आईच्या मांडीवर बसून तिने माझ्यावर बोट ठेवलं. खालच्या सात गावांतली यंत्रं दुसऱ्यांनी बनवली आहेत, संघप्रियाने ती कधी उघडून पाहिलेली नाहीत.

"आई, त्यांच्या मशीनीत पण आहे नं हे ओळ?"