आबांच्या हातची टेप

मित्रांनो, मी एक जुने कॉमिक आहे आणि माझ्या पाठीवर टेपची एक लांब पट्टी आहे. गेल्या माघातल्या एका साध्या रविवारी, सिल्वासातल्या टोकरखाड्याच्या घरात आबांनी मला कपाटातून काढले आणि त्या पट्टीवर अंगठा दाबला.

"सरिता, बघ बरं! अठ्ठावीस वर्षं झाली. सुटली का?"

"नाही सुटली, आबा." उत्तरपत्रिका तपासणाऱ्या लेकीने मानही वर केली नाही.

"कशी सुटनार? आपल्या लाइनीवरची हाये!"

दुसऱ्या दिवशी सकाळी आबांचा चहा निवून गेला. ते उठलेच नाहीत.

आबा धुळ्याकडून सिल्वासाला आले ते टेपच्या कारखान्यात, लाइनीवर कामाला. सरिताच्या नवव्या वाढदिवसाला त्यांनी मला आणले. महिन्याभरातच मी पाठीत उभे फाटले. "शेजारच्या गुड्डीने फाडलं," सरिता म्हणाली. आबांनी खोकी बंद करायची टेप आणली, पाने जुळवली आणि एकही सुरकुती न पडू देता मला जोडले. पुढे सारी कॉलनी मला वाचून गेली, पण एक पान हलले नाही!

आबांचे दिवस झाल्यावर सरिताच्या शाळेतले ललित सर भेटायला आले. त्यांना जुनी कॉमिक्स जमवायचा नाद.

"मॅडम, हा तर पहिला अंक! ग्रेडिंगला पाठवा. तज्ज्ञ दहापैकी गुण देतात, पारदर्शक डबीत बंद करून देतात." मग त्यांनी मला उलटे केले. "अरेरे, टेप! याला ते दोष धरतात. आठ मिळाले असते, आता तीन मिळाले तर नशीब."

त्यांनी नखाने कड उचलून पाहिली. ती उचललीच गेली नाही.

"साधी टेप एव्हाना पिवळी पडून गळते. ही कुठली हो?"

"आबांच्या लाइनीवरची."

"औषध लावून सोडवणारे असतात. थोडा कागद जाईल, पण एखादा गुण वाढेलही."

माझ्या पानापानांत धडधड झाली.

"राहू द्या, सर. तीन तर तीन."

मित्रांनो, टेपला दहापैकी दहा त्या नखानेच दिले होते! तुमचे पुस्तक फाटले तर टेप लावू नका, जाणत्याकडे न्या. पण आधीच लावलेली पट्टी सोलण्यापूर्वी ती कोणाच्या हातची आहे, एवढे विचारा.

सर गेल्यावर सरिताने पट्टीवर अंगठा दाबला, आबा दाबत तसाच.

"नाही सुटली, आबा." या वेळी ती माझ्याकडे बघत होती. "आणि गुड्डीने नव्हतं फाडलं. दुधनीच्या तळ्यावर नावेत बसायला न्यायचं कबूल करून तुम्ही ओव्हरटाइमला गेलात, म्हणून मी फाडलं होतं."