आकडा बरोबर असला की उघडते

“सुनेचं समाधान म्हणून घेतली रे. त्यात सरकारनं विक्रीकर सोडलाय, म्हटलं आणून टाकू. नाहीतर आपल्या घरात कुलूप लावायचं कुणापासून? परकं आहे कोण इथे?”

हे व्हर्न कांगस बोलले, धापा टाकत. ते खालच्या पायरीवर, त्यांचे शेजारी गॉर्डी वरच्या, आणि मधे पट्ट्यांनी आवळलेली मी, तळघराच्या जिन्यात तिरकी. वर दार धरून त्यांची नवी सून डेलिया उभी होती. ती स्वयंपाकघरात परत गेली असं त्यांना वाटलं होतं. ती गेली नव्हती. तिने ऐकलं, मीही ऐकलं. खरं तर ते बोलणं आम्हा दोघींसाठी नव्हतं.

मी बंदुकांची तिजोरी बोलतेय. तिजोरी म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे सोनंनाणं येईल. माझ्या पोटात त्यातलं काही नाही. पाच रायफली, दोन छर्‍याच्या बंदुका आणि व्हर्न यांच्या वडिलांचं एक पिस्तूल, एवढाच माझा संसार.

माझा जन्म कारखान्यातला. पोलादाच्या पत्र्याला घड्या घालून मला उभं केलं, पत्र्याच्या आत आगीला न बधणारं अस्तर भरलं, दाराला बोटाएवढे जाड अडसर बसवले. मग एकाने हातोड्याने माझ्या पाठीत रट्टे घातले आणि “भक्कम आहे” म्हणून शेरा दिला. मला तेव्हा एवढंच कळलं, की संकट बाहेरून येतं आणि आपण दारात उभं राहायचं. शिकवणच तशी होती.

तिथून मी एका दुकानात आले. एका बाजूला मासे धरायचे गळ, दुसऱ्या बाजूला बर्फातले बूट. माणसं मला पाहायला यायची. कलिंगड वाजवून बघावं तसं कुशीवर टकटक करायची, मूठ फिरवायची, किंमत वाचायची आणि नापसंत असं तोंडाने न म्हणता निघून जायची. बायका मागे वळून बघायच्या. “नातवंडं येतात घरी,” एखादी म्हणायची. “बंदुकांना हात लावायचा नाही म्हणून सांगितलंय की त्यांना,” नवरा म्हणायचा, आणि विषय संपायचा.

मग राज्य सरकारने तिजोऱ्यांवरचा आणि बंदुकीच्या कुलपांवरचा विक्रीकर माफ केला. लोकांनी हत्यारं कुलपात ठेवावीत, हा हेतू. दुकानदाराने माझ्या डोक्यावर मोठी पाटी लावली, आणि तीच माणसं रांगेने आली. माणसाला जीव वाचवायला सांगा, तो मान डोलावतो. कर वाचवायला सांगा, तो पिकअप घेऊन येतो.

व्हर्नही आले. वाचलेल्या पैशांत त्यांनी तिथल्या तिथे काडतुसांचे डबे घेतले. काडतुसांवर मात्र कर पुरेपूर होता. तो त्यांनी कुरकुर न करता भरला.

तळघरात मला भिंतीला बोल्टने जखडलं. व्हर्न यांनी माझ्या दाराच्या पाठची कळ दाबून नवा आकडा घातला आणि दार लावलं. “आता बघ, गॉर्डी. आता चोराचा बापसुद्धा उघडू शकत नाही.”

गॉर्डींनी टोपी मागे सारली, बोट पुढे केलं आणि एक, एक, एक, पाच दाबलं. मी उघडले.

“अकरा-पंधरा,” गॉर्डी म्हणाले. “नोव्हेंबरची पंधरा. हरणाच्या मोसमाचा पहिला दिवस. दुसरं काय असणार? माझीही तीच आहे.”

“तुझीही?”

“माझी, माझ्या भावाची, आणि तो पलीकडचा इंजिनं दुरुस्त करणारा आहे ना, त्याचीही. बायकोचा वाढदिवस विसरतो माणूस, हा दिवस नाही विसरत.”

दोघं पोट धरून हसले. त्या दिवशी इथे शाळांनाही सुट्टी असते, मग तिजोऱ्यांनीच काय घोडं मारलंय. मीही तेव्हा गंमत म्हणूनच घेतलं. वर दारापाशी डेलिया मात्र हसत नव्हती.

डेलिया आणि मी एकाच महिन्यात या घरात आलो. तिचं लग्न थोरल्या मुलाशी, कर्टिसशी झालं. तिने एकदाच जेवताना विचारलं होतं, “बंदुका इथे अशाच असतात?” एक मागच्या दारामागे छत्र्यांबरोबर होती, एक फ्रीझरवर आडवी, बाकीच्या कोटांच्या कपाटात. “अशाच म्हणजे कशा?” सासूबाई लोइस यांनी विचारलं, आणि पेस्टीवर, म्हणजे मांस-बटाटा भरलेल्या भाजक्या करंजीवर, केचप घ्यायचं की रस्सा यावर पुन्हा वाद सुरू झाला. त्यानंतर ती बोलली नाही. या घरात न बोलणारी सून पटकन मुरते, कारण बोलणारं इथे कुणीच नाही. शनिवारी सगळे सौनात बसतात, वाफेत घाम गाळतात आणि गप्प राहतात. कुणाची खुशाली घ्यायची तर त्याच्या गाडीची घेतात.

“गाडी कशी आहे?”

“चालतेय.”

“बरं.”

झाली खुशाली.

धाकटा ओवेन कामाला होता ती कागदाची गिरणी वसंतात बंद पडली. शरदात तो घरी परतला आणि तळघरातल्या खाटेवर राहू लागला, माझ्यासमोरच. आल्या दिवशी त्याने माझ्या दारावर थाप मारली. “काय, तूसुद्धा खालीच का?” म्हणाला. मला तो आवडला. त्यानंतर तो कुणाशीच फार बोलला नाही. दिवसा झोपायचा, छताकडे बघत पडायचा. लोइस ताट आणून ठेवायच्या आणि तसंच उचलून न्यायच्या.

“आळस आहे,” व्हर्न जिन्यातून म्हणायचे. “मोसम सुरू झाला की बघ, ताडकन उठेल.”

“दमलाय तो,” लोइस म्हणायच्या.

मग त्याने आपली कुत्री, मिटन, गॉर्डींना देऊन टाकली. “तुमच्याकडे हिला पळायला जागा आहे,” म्हणाला. मग तळ्यावरच्या बर्फाला भोक पाडायचं त्याचं लाडकं गिरमीट कर्टिसला दिलं. कर्टिस खूश झाला. “अरे वा, मनाचा मोठा झालास.” डेलिया वॉशिंग मशीनमध्ये कपडे घालत होती. तिचा हात थांबला. ती ओवेनकडे बघत राहिली, आणि मग माझ्याकडे.

त्या नजरेनंतर माझं स्वास्थ्य गेलं.

मी पोलाद आहे, पण मूर्ख नाही. मला चोरांसाठी घडवलं, आणि चोर या रस्त्याला वर्षानुवर्षं फिरकलेला नाही. मला ज्याची भीती वाटायला हवी ते समोरच्या खाटेवर पडलेलं होतं, त्याच्यावर सगळ्यांचं प्रेम होतं, आणि त्याला माझा आकडा पाठ होता. माझं दुखणं एवढंच आहे. आकडा बरोबर असला की मी उघडते. कशासाठी, हे मला विचारता येत नाही.

एका रविवारी सगळे चर्चमध्ये गेले. प्रार्थनेनंतर तिथे कॉफी असते, म्हणजे लवकर येणं नाही. डेलिया डोकं दुखतंय म्हणून मागे राहिली होती. ओवेनला ते माहीत नसावं.

तो उठला. अनवाणी माझ्यापाशी आला. एक, एक, एक, पाच.

मी त्या वेळी बिघडावं म्हणून काय काय केलं असतं. एखादा अडसर अडकावा, बॅटरी मरावी. काही झालं नाही. मी चांगल्या कारखान्यातली. उघडले.

त्याने आत हात घातला नाही. माझ्यासमोर जमिनीवर मांडी घालून बसला आणि बघत राहिला. एखाद्या थकलेल्या माणसाने दुकानाच्या पायरीवर बसावं तसा. किती वेळ, मला सांगता येणार नाही. माझ्यासाठी तो वेळ अजून पूर्ण संपलेला नाही.

जिना वाजला. डेलिया धुण्याची टोपली घेऊन खाली आली आणि पाचव्या-सहाव्या पायरीवर थबकली.

“बघत होतो,” ओवेन म्हणाला. “तेल लावायला हवंय.”

“हं,” ती म्हणाली.

ती वर गेली नाही. तिथेच पायरीवर बसली आणि टॉवेलच्या घड्या घालू लागली. टॉवेल स्वच्छ होते, कोरडे होते, घड्या आधीच घातलेल्या होत्या. एकेक मोडून तिने पुन्हा घातली. कडा जुळत नव्हत्या.

“जेवलास?”

“भूक नाही.”

“अंडी करते. मला एकटीला नाही खाववत.”

त्याने माझं दार लोटलं. अडसर बसले तेव्हा इतका मोठा आवाज झाला की आम्ही तिघंही दचकलो.

त्याला वर अंडी वाढून, शेगडीसमोर बसवून ती कसलंसं निमित्त काढून खाली आली. मला उघडलं, माझ्याबरोबर आलेली पुस्तिका गुडघ्यावर धरली आणि दाराच्या पाठची कळ दाबली. घाईत चुकली. मी शिट्टी मारली तशी तिने दोन्ही हातांनी माझं तोंड दाबलं, जसं काही मी मांजर आहे. दुसऱ्यांदा जमलं. नवा आकडा कुणाच्या वाढदिवसाचा नाही, कसल्या सणाचा नाही. तिच्याशिवाय आणि माझ्याशिवाय तो कुणालाच ठाऊक नाही.

पुढचे दिवस मला फार जड गेले. ओवेन एकदा माझ्यापाशी आला, कळांवर बोट ठेवलं आणि न दाबताच परत गेला. जिन्यावर कुणाचंही पाऊल वाजलं की मी आतून आवळून घ्यायची. डेलिया दिवसभर काही ना काही धूत होती. घरातल्या धडधाकट चादरींच्या तिने चिंध्या केल्या.

“किती गं धुतेस?” लोइस म्हणाल्या. “पाण्याला पैसे पडत नाहीत का?”

तिने हसून पुढची चादर मशीनमध्ये टाकली. कर्टिसला ती रात्री सांगायचा प्रयत्न करायची, हे मला तिच्याच पुटपुटण्यातून कळायचं. मशीनपाशी उभी राहून ती वाक्यं जुळवायची. “कर्टिस, ऐक ना, ओवेनचं मला...” एवढ्यावर थांबायची. नव्या सुनेने घरच्या मुलाबद्दल असं काही म्हणायचं, आणि ते खोटं निघालं तर? आणि खरं निघालं तर?

मग मोसमाच्या आधीचा शनिवार आला. व्हर्न रायफलचा नेम तपासायला निघाले. गॉर्डी गावाबाहेरच्या खडीच्या खाणीवर, नेम धरायच्या जागी, वाट बघत होते. व्हर्न शीळ घालत खाली आले आणि आकडा दाबला.

मी उघडले नाही.

जन्मात पहिल्यांदा मी कुणाला नाही म्हणत होते. पुन्हा दाबला. लाल दिवा. तिसऱ्यांदा चुकलं आणि मी नियमाप्रमाणे मुकी झाले; काही वेळ कुठलीच कळ चालेना.

“कर्टिस,” ते ओरडले, “खाली ये जरा. बिघडली ही. तरी म्हणत होतो, सरकार ज्याच्यावर कर सोडतं त्यात काहीतरी खोट असते.”

कर्टिस आला. “नीट दाबलंत का, डॅड?”

“तू मला अकरा-पंधरा शिकवतोस?”

“नाही, पण तुमचा चष्मा वर आहे.”

“चष्म्याचा काय संबंध? अंधारात दाबेन मी.”

“फोन करा की दुकानात,” लोइस जिन्यातून म्हणाल्या. “आणि लाथ मारू नका, तुमचंच बोट मोडेल.”

“फोडून काढतो. गॉर्डीकडे कटर आहे.”

ओवेन खाटेच्या कडेवर बसला होता. तो माझ्याकडे बघत नव्हता. तो जिन्याकडे बघत होता. डेलिया खाली येत होती, हात ओले, चेहरा चुन्यासारखा. त्याला कळलं होतं, आणि त्याला कळलंय हे तिला कळलं होतं.

पुढचं आधी सांगून टाकते. मला कुणी कापलं नाही. मी आजही त्याच भिंतीला जखडलेली आहे. ओवेन आता वरच्या खोलीत झोपतो, खिडकी आहे तिथे. दर आठवड्याला कर्टिस त्याला डॉक्टरांकडे नेतो आणि बाहेर गाडीत बसून राहतो. तो बरा झालाय असं मी म्हणणार नाही. कुलपाला तेवढं कळत नाही. माझी मात्र घरोघरच्या लोकांना एक विनंती आहे. आम्हाला आणलंत, कर वाचला, चांगलं झालं. पण घरात सगळ्यांना ठाऊक असलेला आकडा घालून आम्हाला उभं करू नका. आमच्यासमोर घरचं माणूस आलं की आम्ही अगदी दुबळ्या असतो. आमच्या जागी कुणीतरी तोंड उघडावं लागतं.

त्या दिवशी ते डेलियाने उघडलं. शेवटच्या पायरीवर उभी राहून ती जे बोलली तेवढं सांगते आणि थांबते.

“बिघडलेली नाही ती. आकडा मी बदललाय. व्हर्न, तुम्हाला हवी ती रायफल मी काढून देईन आणि संध्याकाळी मीच आत ठेवेन, पण आकडा सांगणार नाही. तुम्हाला नाही, कर्टिसलाही नाही. गॉर्डींकडे जाऊन त्यांनाही त्यांचा आकडा बदलायला लावलाय मी. ते का म्हणून विचारत बसले नाहीत, तुम्हीही आत्ता माझ्यावर चिडत बसू नका, ते नंतर चिडा. ओवेन, तू कुत्री देऊन टाकलीस, गिरमीट देऊन टाकलंस, त्या रविवारी तू इथे बसला होतास. मला गोड बोलता येत नाही, म्हणून सरळ विचारते. तुला मरावंसं वाटतंय का? वाटत असेल तर हो म्हण. इथे कुणी तुला आळशी म्हणणार नाही, मी म्हणू देणार नाही. लोइस, बसा तुम्ही. व्हर्न, तुम्हीसुद्धा. गॉर्डी थांबतील. तो बोलेपर्यंत आपण सगळे इथेच बसू.”